तीन फोल्डर बांधले, दोनच परत आले

बीसीएस झाल्यावर नाशकात मला पहिली नोकरी लागली ती द्राक्षनिर्यातीचं काम बघणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. ऑफिस द्वारकेजवळ, पॅकहाउस पिंपळगाव बसवंतकडे. सात कॉम्प्युटर, सर्व्हर म्हणून उबुंटूचं एक मशीन, आणि ‘कॉम्प्युटरचं सगळं’ बघायला मी एकटी. माझ्या आधी होता त्या मुलाने जाताना चौदा ओळींची एक बॅश स्क्रिप्ट ठेवली होती. रोज रात्री दीड वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, ती चालवायचा. तीन फोल्डर टारने (अनेक फाइलींची एकच फाइल करणारी कमांड) एकत्र बांधायचे, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) जीपीजीकडे, म्हणजे एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामकडे द्यायचे, एन्क्रिप्ट झालेली फाइल एक्स्टर्नल डिस्कवर ठेवायची, आणि शेवटी लॉगमध्ये लिहायचं, ‘बॅकअप यशस्वी’.

एन्क्रिप्शन कशाला, हे तिथे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. फोल्डरांत शेतकऱ्यांचे आधार, सातबारा, बँक पासबुकाची पहिली पानं, प्लॉट नोंदणीचे कागद आणि रेसिड्यू (द्राक्षांत उरलेले औषधांचे अंश) तपासणीचे रिपोर्ट होते. युरोपला माल जातो तेव्हा प्रत्येक पेटीमागे तिचा प्लॉट दाखवावा लागतो, म्हणून हे कागद जपायचे. आणि ऑफिसला आग लागली किंवा चोरी झाली तरी ते हाताशी राहावेत म्हणून दर शनिवारी एक डिस्क मी पंचवटीत घरी न्यायचे, दुसरी परत आणायचे. ती डिस्क उद्या रिक्षात विसरली तर चारशे घरांचे बँक खात्यांचे तपशील रस्त्यावर. म्हणून कुलूप.

ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास नव्या हंगामाची कागदपत्रं यायला लागली, तेव्हा जुन्या फोल्डरऐवजी नवं केलं. नाव ठेवलं ‘शेतकरी कागद’. स्क्रिप्टमध्ये फोल्डरांची नावं एका व्हेरिएबलमध्ये ओळीने लिहिलेली होती, तिथे मी जुनं नाव काढून नवं घातलं. रोज सकाळी लॉग बघायचे. रोज ‘बॅकअप यशस्वी’. फाइलची साइझही साधारण होती तेवढीच, कारण मोठा डेटा बाकीच्या दोन फोल्डरांत होता.

जानेवारीत तोडे सुरू झाले आणि त्याच आठवड्यात सर्व्हरची डिस्क गेली. मी निर्धास्त होते. नवी डिस्क बसवली, बॅकअप उघडला, दोन फोल्डर आले. तिसरं नाहीच. मागच्या आठवड्याची फाइल उघडली, त्यातही नाही. त्याच्या मागची, तीच गत. हिशेबाचं बघणारे काका मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, “काय गं, शेतकऱ्यांचे कागद कुठं गेले?” पुढचे बारा दिवस पॅकहाउसचा ड्रायव्हर दिंडोरी आणि निफाड तालुक्यातल्या गावांतून कागद पुन्हा गोळा करत फिरला. ऐन तोड्यात, बागेत माणसं लावलेली असताना, शेतकऱ्यांना हातातलं काम टाकून झेरॉक्सला जावं लागलं. एक आजोबा ऑफिसात येऊन म्हणाले, “पोरी, दिला होता ना मी कागद तुमच्याकडे?” दिला होता. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

हे इतकं सांगण्याचं कारण असं की नव्याने या कामात येणारी मुलं बॅकअपची स्क्रिप्ट म्हणजे टार आणि जीपीजीचे ऑप्शन पाठ करणं समजतात. मीही तेच समजत होते. आता मी कुठलीही स्क्रिप्ट वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: हे जमलं नाही, तर कुणाला कळेल?

त्या रात्री घरी बसून मी चौदा ओळी वाचल्या. पहिली चूक माझी होती. नावात स्पेस, आणि व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं नाहीत. शेल, म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, अशा वेळी नाव स्पेसवर तोडतं. टारला ‘शेतकरी’ आणि ‘कागद’ अशी दोन वेगळी नावं मिळाली, आणि त्यातलं एकही डिस्कवर नव्हतं. टारने तसं सांगितलंही होतं. सापडत नाही म्हणून एरर दिली, बाकीचे दोन फोल्डर बांधले आणि शेवटी एक्झिट कोड २ दिला. एक्झिट कोड म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश, टारचा २ म्हणजे गंभीर चूक.

मग ‘यशस्वी’ कुठून आलं? ते समजायला एक छोटा प्रयोग करा, दोन मिनिटांचं काम आहे. टर्मिनलमध्ये फॉल्स ही कमांड लिहा. ती काही करत नाही, फक्त अपयश परत देते. तिच्यापुढे पाइपची उभी रेघ, आणि पुढे ट्रू, जी फक्त यश परत देते. एंटर दाबा आणि डॉलर-प्रश्नचिन्ह छापून शेवटचा एक्झिट कोड बघा. शून्य येतो. पाइपचा निकाल म्हणजे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल, आधीच्या कितीही पडल्या तरी. आता सेट कमांडने पाइपफेल हा ऑप्शन चालू करा आणि तीच ओळ पुन्हा चालवा. एक येतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी जीपीजी होतं. त्याच्याकडे जेवढं आलं तेवढं त्याने नीट एन्क्रिप्ट केलं आणि शून्य दिला. एन्क्रिप्ट केलेली फाइल बाहेरून बघून आत काय आहे ते कळत नाही, त्यासाठीच तर ती असते. म्हणून इथे ही चूक साध्या बॅकअपपेक्षा जास्त दिवस लपते.

आणि टारची ती एरर? उबुंटूवर क्रॉनच्या कामातून बाहेर पडलेला मजकूर मेलने जातो, पण मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रामच नसेल तर क्रॉन तो टाकून देतो आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये तशी एक ओळ लिहितो. ती ओळ सिस्टिमच्या लॉगमध्ये रोज रात्री होती. मी वेगळी फाइल वाचत होते.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस डिलीट झाला. बॅकअप बघायला गेले तर पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) निघतच नव्हता, कारण डंप काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता. आणि बिघाडाचे मेल डीमार्कच्या, म्हणजे मेल खरंच त्याच पत्त्यावरून आला का याच्या तपासणीत नाकारले जात होते. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं. नवीन माणसाने ते जरूर वाचावं.

दुरुस्तीला लागले तेव्हा आधी फोल्डरांची यादी बॅशच्या अ‍ॅरेमध्ये (प्रत्येक नाव वेगळं ठेवणारी यादी) घातली आणि प्रत्येक व्हेरिएबलला दुहेरी अवतरणं दिली. शेलचेक नावाचं मोफत टूल आहे, त्याला स्क्रिप्ट दिली की अवतरण नसलेली जागा ते ओळ क्रमांकासह दाखवतं. ते मी आधी चालवलं असतं तर बारा दिवस वाचले असते. मग पाइपफेल टाकलं, आणि दुसऱ्याच रात्री स्क्रिप्ट पडली. तिसऱ्या रात्री पुन्हा. कारण कुणीतरी एक्सेल उघडी ठेवून गेलं होतं किंवा लॉग लिहिला जात होता, आणि वाचता वाचता फाइल बदलली की टार १ देतं. १ आणि २ मध्ये फरक करायला हवा. बॅशमध्ये पाइपस्टेटस नावाचा अ‍ॅरे असतो, त्यात पाइपमधल्या प्रत्येक कमांडचा कोड वेगळा मिळतो. तो पाइपनंतर लगेच दुसरीकडे कॉपी करून ठेवावा लागतो, कारण पुढची कमांड तो पुसून टाकते. माझा नियम असा: टारचा १ आला तर लॉगमध्ये इशारा, २ आला तर बॅकअप नापास, जीपीजीचं शून्याखेरीज काहीही आलं तर नापास. काही जण सेटचा ‘-ई’ ऑप्शन टाकतात, म्हणजे कुठलीही कमांड पडली की स्क्रिप्ट थांबते. मला त्याचा एकट्याचा भरवसा वाटत नाही. इफच्या अटीत तो लागू होत नाही, आणि नवीन माणसाची समजूत मात्र होते की सगळं सांभाळलं गेलं.

दुसरा मोठा बदल पासफ्रेजचा, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या लांब पासवर्डचा. जुन्या स्क्रिप्टमध्ये तो सरळ कमांडमध्ये लिहिलेला होता. कमांडमध्ये लिहिलेलं त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला प्रोसेसच्या यादीत दिसू शकतं. शिवाय स्क्रिप्ट ज्याच्या हाती, कुलपाची किल्लीही त्याच्याच हाती. म्हणून पब्लिक कीवर गेले. सर्व्हरवर फक्त पब्लिक की. तिने कुलूप लावता येतं, उघडता येत नाही. सर्व्हर चोरीला गेला तरी जुने बॅकअप बंदच राहतात. प्रायव्हेट की दोन पेनड्राइव्हवर, एक मालकांच्या लॉकरमध्ये, एक काकांच्या कपाटात. तिचा पासफ्रेज कागदावर लिहून बंद पाकिटात, तिसऱ्या ठिकाणी. की फक्त एकट्या माणसाकडे ठेवू नका, अगदी तुम्ही कितीही विश्वासू असलात तरी. उद्या तुम्ही नोकरी सोडाल, आजारी पडाल, आणि ऑफिसकडे कुलपं राहतील पण किल्ली नाही.

इथे एक खाचखळगा आहे. हाताने चालवली की जीपीजी विचारतं, ही की खरंच त्याच माणसाची का, आणि आपण हो म्हणतो. क्रॉनमध्ये हो म्हणायला कुणी नसतं, मग ते नकार देऊन थांबतं. फिंगरप्रिंट, म्हणजे कीची ओळख पटवणारा लांब क्रमांक, स्वतः ताडून घ्या, कीवर विश्वास आधीच नोंदवून ठेवा, आणि स्क्रिप्टमध्ये ईमेलऐवजी पूर्ण फिंगरप्रिंट लिहा.

क्रॉनचे आणखी दोन त्रास लिहून ठेवते, कारण दोन्हींनी माझी एकेक रात्र खाल्ली. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह लिहिलं की क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. तारखेचा फॉरमॅट थेट तिथे लिहिला तर कमांड अर्ध्यावर तुटते. तारीख स्क्रिप्टच्या आतच काढावी. दुसरं, क्रॉनमध्ये लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, साधं असतं, त्यामुळे टारच्या यादीत मराठी फाइलनावांऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. मला वाटलं नावंच खराब झाली. तसं नसतं, आत नावं जशीच्या तशी असतात, फक्त छापताना ती तशी दिसतात.

डिस्कबद्दल थोडक्यात. लाइट गेली आणि आली की आमची एक्स्टर्नल डिस्क कधीकधी माउंट व्हायची नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली जायची नाही. फोल्डर मात्र तिथे असायचंच, मग बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर जमा व्हायचा. आता स्क्रिप्ट सुरुवातीलाच माउंटपॉइंट कमांडने खात्री करते आणि नसेल तर थांबते. घरी नेण्याची डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, हेही ध्यानात असू द्या. फाइल आधी ‘अर्धवट’ अशा नावाने लिहायची आणि सगळे कोड ठीक आले तरच खरं नाव द्यायचं. मध्येच स्क्रिप्ट बंद पडली तर ट्रॅप, म्हणजे स्क्रिप्ट थांबताना आपोआप चालणारी ओळ, ती अर्धवट फाइल उचलून टाकतो. स्क्रिप्टच्या दोन कॉप्या एकाच वेळी चालू नयेत म्हणून फ्लॉक ही कमांड. जुने बॅकअप पुसण्याची ओळ सगळ्यात शेवटी, नवा पास झाल्यावरच, आणि फोल्डरचं व्हेरिएबल रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल अशी सोय करून.

तपासणीचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर स्क्रिप्टकडे नाही. सर्व्हरवर प्रायव्हेट की नाही, म्हणजे सर्व्हर स्वतःचा बॅकअप उघडून बघू शकत नाही. मी रोज रात्री टारने बांधलेल्या फाइलींची संख्या फोल्डरनिहाय मोजते आणि फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडने मोजलेल्या संख्येशी ताडते. पाच-दहाचा फरक चालतो, एखाद्या फोल्डरपुढे शून्य आलं तर फोन वाजतो. लॉगमध्ये फक्त आकडे ठेवते, नावं नाही. कुलपात ठेवलेल्या कागदांची नावं उघड्या लॉगमध्ये लिहिण्यात अर्थ नाही. आणि रोज सकाळी सात वाजता ‘झाला’ असा मेसेज येतो. मेसेज आला नाही, तर तो नापास धरायचा असं ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही विचाराल, बॉर्ग किंवा रेस्टिक का नाही? ती दोन्ही बॅकअपची तयार, उत्तम टूल्स आहेत. एन्क्रिप्शन त्यांच्यात आहेच, शिवाय बदललेला भागच नव्याने साठवतात, तर टार-जीपीजीची फाइल रोज पूर्ण नवी बनते. डेटा शेकडो जीबी असेल तर तिकडेच जा. पण शिकताना एकदा तरी टार, पाइप आणि जीपीजी जोडून बघा. पुढे पुण्यात मुलाखतीला गेले तेव्हा मला लिनक्सच्या कमांड फार विचारल्या नाहीत. “तुमचा बॅकअप चालतो हे कशावरून?” असं विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं मीच बोलत होते. नोकरी मिळाली, पण मी घेतली नाही. नाशिक सोडायचं नव्हतं.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका त्यांच्या कपाटातून पेनड्राइव्ह काढतात आणि मनाला येईल त्या शेतकऱ्याचं नाव घेतात. मी नेटला न जोडलेल्या वेगळ्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून त्याचे कागद काढायचे. गेल्या वेळी मोहाडीचा एक प्लॉट निघाला. सातबारा, पासबुक, दोन हंगामांचे रिपोर्ट, सगळं मिळून अकरा मिनिटं. काकांनी पासबुकाचं पान मोठं करून खाते क्रमांक एकेक आकडा वाचत वहीशी ताडला, वहीत पेन्सिलने बारीक खूण केली आणि पेनड्राइव्ह परत कपाटात ठेवला.