लांबलचक शृंगारिक अंतराळमालिकेवर अभिप्राय लिहिताना

जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. कोकणात दहा-बारा भागांची मालिका सलग वाचायला हाच काळ बरा. अभिप्रायासाठी वही मात्र पहिल्या भागापासून ठेवा. प्रत्येक भागाला एक पान, भाग संपल्यावर दोन दिवसांत भरलेलं. उशीर झाला की पाचव्या भागापर्यंत नावं, यानं आणि नाती एकमेकांत मिसळतात. शाईपेन नको, पावसाळी दमट हवेत शाई पसरते.

शृंगाराचे प्रसंग जोखायची खात्रीची रीत: प्रसंग वगळून पुढची तीन प्रकरणं वाचा. काहीच अडलं नाही तर तो भरणा. युती, फितुरी किंवा विश्वास त्या प्रसंगावर उभा असेल तर तो कथेचाच भाग, आणि तसं स्पष्ट लिहा. नुसतं ‘फार चावट’ किंवा ‘मस्त’ लिहिल्याने पुढच्या वाचकाला काहीही कळत नाही. संमती आवर्जून तपासा. तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी यांच्यात असतो तसा अधिकाराचा फरक यानावरही असतो. खालच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक लेखकाने दिली आहे का? आमच्या मते मालिकेची खरी पारख इथेच होते.

विज्ञानाचंही बघा. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा 4.24 प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे निरोप पोचायला चार वर्षांहून जास्त. प्रेमिक ताऱ्यांपलीकडून तत्क्षणी बोलत असतील तर त्यासाठी लेखकाने कोणता नियम रचला, आणि सातव्या भागात सोयीसाठी तो मोडला का, हे नोंदवा.

कोणत्या भागापर्यंत वाचलंय आणि मजकूर फक्त प्रौढांसाठी आहे, हे पहिल्याच ओळीत सांगा.