मळ्यावरचं कुत्रं थंडीत दुसऱ्या घरी देताना

जमीन विकली, बाग वाट्याने दिली किंवा घरची म्हातारी माणसं नाशिकला मुलाकडे राहायला गेली, की मळ्यावरच्या कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली जातो, ऊसतोड सुरू असल्याने बिबट्यांचा आडोसा मोडलेला असतो, आणि नव्या जागी नेलेलं कुत्रं पहिल्या काही रात्रीतच सुटून जुन्या घराकडे पळायला बघतं. या तिन्ही गोष्टी एकदम गाठल्या तर कुत्रं सहसा हाती लागत नाही. थांबणं शक्यच नसेल तर निदान तीन आठवडे आधी तयारीला लागा.

सुरुवात दवाखान्यापासून करा. कुत्र्याला रेबीजची लस कधीच दिलेली नसेल तर दिल्यानंतर संरक्षण तयार व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे आदल्या दिवशी सुई टोचून घेतली तर कागद मिळतो, संरक्षण मिळत नाही. त्याच वेळी जंताची गोळी द्या. बाजारात १० किलोला एक अशा हिशेबाच्या गोळ्या मिळतात, पण मळ्यावरच्या कुत्र्याचं वजन अंदाजाने सांगितलं की हमखास चुकतं. कांद्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. गोचिडांचं औषधही याच फेरीत मागून घ्या. मादी असेल तर नसबंदी करूनच द्यावी. मात्र टाके भरायला १० ते १४ दिवस लागतात आणि भूल उतरेपर्यंत अंग गार पडतं, म्हणून त्या रात्री तिला घरातच ठेवा. कुत्र्याने कोणाला चावा घेतला असेल तर चावल्यापासून १० दिवस ते कुठेही द्यायचं नाही. रेबीज आहे की नाही हे कळण्यासाठी तेवढे दिवस ते नजरेसमोर असावं लागतं. चावलेल्या माणसाने मात्र त्याची वाट न बघता लगेच लस सुरू करायची.

याच आठवड्यांत पट्ट्याची सवय लावा. आयुष्यभर मोकळं फिरलेलं कुत्रं ओढलं की मागे सरकतं आणि मान अलगद काढून घेतं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच तो सैल ठेवा, आणि सोबत छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या. नेण्याच्या दिवशी दोन दोऱ्या हव्यात, एक पट्ट्याला आणि एक हार्नेसला. एक सुटली तरी दुसरी हातात राहते.

घर निवडताना लोक खूप प्रश्न विचारतात. खरा प्रश्न एकच: रात्री कुत्रं कुठे झोपणार? ‘बाहेर साखळीला’ असं उत्तर आलं तर देऊ नका. उसाच्या पट्ट्यात, म्हणजे निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे, साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. खिळ्यांच्या पट्ट्याने मान वाचते, जीव वाचेलच असं नाही. रात्री बंद खोली, नाहीतर चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारलेला पिंजरा हवा. वरची जाळी पैसे वाचवायला लोक सोडून देतात, आणि बिबट्या तिथूनच आत येतो. शहरातला फ्लॅट तरण्या राखणदार कुत्र्याला सहसा मानवत नाही. ते दिवसभर भुंकतं, शेजारी वैतागतात आणि महिन्याभरात फोन येतो. आठ-नऊ वर्षांचं, सांधे धरलेलं कुत्रं मात्र थंडीत घरात सुखाने राहतं. भाडेकरूला देताना घरमालकाची परवानगी आधी विचारा.

निवारा तयार आहे का, हे जाऊन डोळ्यांनी बघा. पिंजऱ्यातली झोपायची पेटी जमिनीपासून विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर चार इंच उचललेली असावी. तोंड उत्तरेच्या वाऱ्याकडे नको. आकार कुत्रं उभं राहून वळेल एवढाच ठेवावा, कारण मोठी पेटी अंगाच्या उबेने तापत नाही. आत अंथरायला गोणपाट आणि जुन्या गोधड्या टाकायचा मोह होतो, पण दवाने त्या ओल्या होतात आणि उलट अंगाची ऊब ओढून घेतात. वीतभर जाडीचा कोरडा भाताचा पेंढा सर्वांत चांगला. इगतपुरी-त्र्यंबककडे तो सहज मिळतो. ओला झाला की बदला. दाराला मात्र पोत्याचा पडदा चालतो. बाहेर झोपणाऱ्या कुत्र्याला थंडीत नेहमीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त खायला लागतं.

नेण्याचा दिवस निवडताना ३१ डिसेंबर, संक्रांत आणि जवळचं लग्न टाळा. येवल्यात तर पतंगांच्या तीन दिवसांत, १३ ते १५ जानेवारी, कुत्रं हलवूच नका. गोंगाट आणि मांजा, दोन्ही वाईट. सकाळी ऊन वर आल्यावर निघा, म्हणजे अंधार पडायच्या आत नवी जागा त्याला नीट हुंगता येईल. निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी द्या. कसारा घाटाच्या वळणांवर भरल्या पोटाचं कुत्रं हमखास ओकतं. पिकअपमध्ये मागे उघड्यावर बांधून नेणं चुकीचं. वाऱ्याने ते गारठतं आणि उडी मारली तर दोरीला लटकतं. निघायच्या आधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका. ज्या पोत्यावर ते झोपायचं, ते न धुता सोबत द्या. हे अंथरूण म्हणून नाही, ओळखीचा वास म्हणून. घरात कोरड्या जागी टाकायचं.

सोबत आठवडाभराचं नेहमीचं खाणं द्या. बाजरीची भाकरी आणि ताक खाणाऱ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी दूध-ब्रेड किंवा पाकिटातलं खाणं दिलं की जुलाब लागतात, आणि घाबरलेल्या कुत्र्याचे जुलाब लवकर थांबत नाहीत. नवं खाणं सात दिवसांत थोडं थोडं वाढवायचं. आपल्याकडची एक गोष्ट नव्या घराला मुद्दाम सांगा: कांदा आणि द्राक्षं, म्हणजे नाशिकची दोन्ही पिकं, कुत्र्याला विषारी आहेत. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्यानेही तो निर्धोक होत नाही, म्हणून उरलेला रस्सा घालू नये. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड कुठे आहे, तेही विचारून घ्या.

साध्या कागदावर लिहून द्या: वय, लसींच्या तारखा, कोणाला चावलं होतं का, शेळ्या-कोंबड्यांवर जातं का. लपवलेली खोड तिसऱ्या दिवशी कळतेच. महिन्याभरात जमलं नाही तर कुत्रं परत तुमच्याकडेच येईल, ही ओळही त्यात हवी. ती नसली की कुत्रं गुपचूप हायवेवरच्या ढाब्यापाशी सोडलं जातं. उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे.

पहिले १५ दिवस दोरीशिवाय बाहेर सोडायचं नाही, कितीही रुळल्यासारखं दिसलं तरी. त्यानंतर सोडायचं तेही भुकेच्या वेळी, जेवणाच्या अर्धा तास आधी, म्हणजे हाक मारली की परत येतं. तुम्ही पहिल्या आठवड्यात भेटायला जाऊ नका. तुम्ही निघालात की ते पुन्हा मागे यायला बघतं.

तरीही सुटलंच, तर पाठलाग करू नका. जिथून सुटलं तिथे ते जुनं पोतं आणि खाणं ठेवा, आणि पहाटे आवाज शांत असताना जुन्या मालकाने तिथे उभं राहून नेहमीची हाक मारावी. डेअरीवर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. जुन्या मळ्यावर आता जे कोणी राहतात त्यांनाही लगेच कळवा. कुत्रं तिथेच पोचण्याची शक्यता जास्त, आणि ओळख नसलेले लोक त्याला दगड मारून हाकलून लावतात.