सेरोटोनिनची तपासणी: सुई टोचायच्या आधीच होणाऱ्या चुका

"ताई, डोक्यातलं सेरोटोनिन किती हाय ते बघायचंय." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर अधूनमधून असं कुणीतरी येतं. वय पंचविशीच्या आसपास, झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, आणि रात्री कधीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं की सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन कमी झालं की मन उदास होतं. डॉक्टरांची चिठ्ठी नसते. मी आधी त्याला बसवते, पाणी देते आणि सांगते की बाबा, ही तपासणी आहे, पण तुझ्या प्रश्नाची नव्हे. काहींना ते पटतं. काही म्हणतात, "पैसे देतोय की, काढा रक्त!"

पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच.

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात. तिथून ते रक्तात उतरतं आणि प्लेटलेट्स ते शोषून घेतात. प्लेटलेट्सना ते स्वतः बनवता येत नाही, त्या फक्त साठवतात. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा जवळजवळ सगळा प्लेटलेट्सच्या पोटातला असतो. मेंदू आपलं सेरोटोनिन वेगळं तयार करतो, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा ते इकडचं तिकडे जाऊ देत नाही. हातातून काढलेल्या रक्तावरून मनाची अवस्था ठरवणं म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघून रंकाळ्यात पाणी किती आहे ते सांगणं. केळी खाऊन मूड सुधारतो असं म्हणतात, तेही यातच आलं. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते डोक्यापर्यंत पोचत नाही.

गंमत म्हणजे हा पदार्थ सापडला तोच मुळी रक्तात. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तवाहिन्या आकसवणारं द्रव्य सीरममधून, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर पाण्यातून, वेगळं काढलं. सीरममधलं आणि रक्तवाहिन्यांचा 'टोन' वाढवणारं, म्हणून सेरोटोनिन. इटलीत एर्स्पामर यांना हेच द्रव्य आधीच आतड्यात मिळालं होतं, त्यांनी त्याला एंटरामाइन म्हटलं होतं. मेंदूत ते आहे हे १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग यांनी दाखवलं. मनाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते त्यानंतर.

गोळी चालू असताना आलेला 'लो'

एका बाईंचा रिपोर्ट आला होता, आकडा अगदी तळाला. मुलगा तावातावाने आला, "आईला एवढ्या महिन्यांची गोळी चालू आहे, तरी सेरोटोनिन वाढायचं सोडून कमी झालंय. गोळीच बंद करतो." फॉर्मवर औषधाचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, एस्सिटालोप्राम, नैराश्यावरची गोळी.

एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गोळ्या ज्या दरवाजातून सेरोटोनिन पेशीत परत शिरतं तो दरवाजा अडवतात. प्लेटलेट्सनाही तोच दरवाजा असतो. तो बंद झाला की त्यांच्यात नवा साठा होत नाही, जुन्या प्लेटलेट्स आठ-दहा दिवसांत संपतात आणि काही आठवड्यांत रक्तातला आकडा घसरतो. गोळी आपलं काम करते आहे, म्हणूनच आकडा खाली आहे. बाईंची झोप सुधारली होती, जेवण वाढलं होतं. मुलाला हे समजावायला माझा अर्धा तास गेला, शेवटी त्याने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. अशी गोळी मनाने बंद केली की चक्कर, अस्वस्थता, झोपमोड सुरू होऊ शकते. तपासणीसाठी थांबवायची असेल तरी ते डॉक्टरच ठरवतील. फ्लुओक्सेटिनचा परिणाम तर थांबवल्यावरही काही आठवडे टिकतो.

सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे औषधांमुळे सेरोटोनिनचा अतिरेक झाल्याचा, संशय असेल तेव्हाही रक्तातला आकडा उपयोगाचा नाही. दोन-तीन औषधं एकत्र आल्याने ताप, थरथर, पाय झटक्याने उडणं अशी लक्षणं दिसली तर त्याचं निदान रुग्णाला तपासून होतं, आणि तेही तातडीने. नमुना मुंबईला जाऊन परत यायची वाट बघत बसू नका.

नमुना कुठे बिघडतो

ही तपासणी कोल्हापुरातल्या बहुतेक लॅब स्वतः करत नाहीत. नमुना फ्रीझ करून मोठ्या लॅबकडे जातो, तिथे एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री अशा बारीक मोजणीच्या यंत्रांवर मोजला जातो. मशीन चोख असतं. घोळ असतो तो इकडच्या हद्दीत.

सीरम हवं असेल तर लाल झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त पूर्ण गोठू द्यावं लागतं. गोठताना प्लेटलेट्स फुटतात आणि त्यांच्यातलं सेरोटोनिन बाहेर येतं, आपल्याला तेच मोजायचं असतं. घाईने अर्धवट गोठलेलं रक्त मशीनमध्ये फिरवलं तर आकडा खोटाच कमी येतो. प्लाझ्मा, म्हणजे न गोठवलेल्या रक्तातला पातळ भाग, हवा असेल तर नेमकं उलटं: एकही प्लेटलेट फुटता कामा नये. पट्टा करकचून बांधला, शीर सापडेना म्हणून सुई चार वेळा फिरवली, ट्यूब जोरात हलवली, की प्लेटलेट्स रिकाम्या होतात आणि आकडा अनेक पटींनी फुगतो. तिसरा प्रकार पूर्ण रक्ताचा. त्यात ट्यूब ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची, असते, काही लॅब त्यात एस्कॉर्बिक अॅसिडही टाकायला सांगतात, कारण सेरोटोनिन हवेने खराब होतं. तीन प्रकार, तिन्हींची नॉर्मल मर्यादा वेगळी. फॉर्मवर नुसतं 'सेरोटोनिन' लिहून पाठवू नका. कुठला नमुना ते लिहा.

आणि एप्रिलमध्ये गडहिंग्लजहून किंवा इचलकरंजीहून दुचाकीवर आलेली ट्यूब! बर्फाची पिशवी केव्हाच कोमट झालेली असते. एकदा वितळलेला नमुना परत गोठवून पुढे पाठवण्यापेक्षा रुग्णाला पुन्हा बोलावलेलं बरं. तो चार शब्द बोलेल, तेवढे ऐकून घ्यावेत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. डेंगीने प्लेटलेट्स खाली आल्या असतील तर सेरोटोनिनही कमीच दिसणार. म्हणून त्याच दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सोबत हवा.

मग तपासणी कशासाठी?

मुख्यतः न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठींसाठी, त्यातल्या कार्सिनॉइड प्रकारासाठी. लहान आतड्यातली ही गाठ सेरोटोनिन तयार करते. ती यकृतात पसरली की चेहरा तापणं, जुलाब, छातीत घरघर, आणि पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होणं असं सगळं दिसू लागतं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, म्हणून 'चेहरा लाल होतो का?' असं न विचारता 'चेहऱ्यावर गरम वाफ आल्यासारखं होतं का?' असं विचारावं. आता कोल्हापुरात मिसळ खाऊन चेहरा कुणाचा तापत नाही! पण मिसळीने घाम फुटतो, या गाठीतली उष्णता बहुधा कोरडी असते. आणि तिचे जुलाब उपाशी राहिलं तरी थांबत नाहीत. तिखट आणि दारू यांनी झटका येऊ शकतो, त्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षं 'मला तिखट सोसत नाही' एवढ्यावरच थांबतो.

सीरममध्ये साधारण ५० ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी छापलेली असते, तरी आपल्या रिपोर्टवर छापलेलीच धरा. ४०० च्या वर गेलं तर कार्सिनॉइडचा संशय बळावतो. मधला आकडा आला तर घाबरायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. आकडा नॉर्मल आला म्हणून गाठ नाही असंही नाही, गुदाशयातल्या अशा गाठी बहुधा सेरोटोनिन बनवतच नाहीत. एककही बघा. १५० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ८५० नॅनोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'सहापट वाढलं' म्हणत धावत आलेले लोक मी पाहिलेत.

चोवीस तासांची लघवी

पक्कं करायला डॉक्टर बहुतेक वेळा ५-एचआयएए सांगतात. सेरोटोनिन मोडल्यावर लघवीतून जाणारं हे द्रव्य. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण काम रुग्णाच्या घरी असतं.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरून. निम्मे लोक पहिलीही भरतात, बाकीचे शेवटची विसरतात. बाजारात गेल्यावर झालेली 'एकदाच तर होती' म्हणून सोडून देतात. कॅनमध्ये तळाला अॅसिड असतं, ते पाणी समजून ओतू नका, आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका. वेगळ्या भांड्यात घेऊन सावकाश ओता. कॅन उन्हात ठेवू नका.

आधीचे तीन दिवस आणि तो दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड, किवी, अॅव्होकॅडो बंद. शेवटचे दोन आपल्याकडे कोण रोज खातं, पण वांग्याची भाजी आणि टोमॅटो घातलेला रस्सा लोक हमखास विसरतात. खोकल्याच्या औषधातलं ग्वायफेनेसिन आणि पॅरासिटामॉल काही पद्धतींत आकडा खोटा वाढवतात. निकोटीनही टाळायला सांगतात, आणि इथे प्रश्न नीट विचारावा लागतो. 'सिगारेट ओढता का?' म्हटलं की मावशी 'छे!' म्हणतात. 'मिशरी लावता का?' म्हटलं की हसतात.

सोबत क्रोमोग्रॅनिन-ए, ही याच गाठींसाठीची रक्ततपासणी, सांगितली असेल तर रोजची अॅसिडिटीची गोळी लपवू नका. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी तो आकडा वाढतो. डॉक्टर ती साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगू शकतात. "ती काय औषध हाय व्हय? ती तर गॅसची गोळी!" म्हणून फॉर्मवर लिहायची राहून जाते. आमच्या काउंटरवर आता 'चालू औषधे' या रकान्याखाली पेनाने एक ओळ वाढवली आहे: गॅसची गोळीसुद्धा.