लांब उताराच्या शर्यतीसाठी सायकल घेताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सोलापूरभोवती सगळी सपाट काळी जमीन. विजापूर रोडवर चक्कर मारली की कुठलीही माउंटन बाइक झकासच वाटते. चूक कळते ती घाटात. मला ती पसरणी घाटात कळली. पाचगणीहून वाईकडे उतरताना अर्ध्यावरच ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकला. पाय घासत, सायकल डोंगराच्या बाजूला दाबत कसाबसा थांबलो.

पसरणीत ही गत, तर फ्रान्समधली मेगाव्हॅलांश शर्यत ३,३३० मीटर उंचीवर बर्फात सुरू होते आणि सुमारे २,६०० मीटर खाली येऊन संपते! म्हणून पैसे आधी ब्रेकवर घाला, रंग आणि गिअर नंतर बघा. दोन पिस्टन (ब्रेक पॅड दाबणारे दट्टे) आणि १६० मिलिमीटरचा रोटर (पॅड जिला पकडतात ती चाकावरची चकती) इथल्या रस्त्याला पुरतो, लांब उताराला नाही. चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टन आणि पॅड बसतात तो भाग) आणि २०० किंवा २०३ मिलिमीटरचे रोटर घ्या. तेवढा मोठा रोटर फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, चालतो का, तेही विचारा.

घाटात ब्रेक गेले, तर लिव्हर कसा लागतो ते आठवा. मऊ पडून मुठीपर्यंत आला, तर आतलं तेल उकळलंय. डॉट ४ या प्रकारचं ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. ताजं असताना ते २३० अंशांच्या आत उकळत नाही, ओलावा मुरला की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. ते वर्षातून एकदा बदला, आणि मिनरल ऑइल या वेगळ्या तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये चुकूनही घालू नका, सील फुगतात. लिव्हर कडक, पण सायकल थांबत नाही? मग पॅड जळून गुळगुळीत झालेत. धातूचे पॅड घ्या. पण काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड चालतात, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

दुसरी चूक २०० मिलिमीटर दबणाऱ्या सस्पेन्शनची जड डाउनहिल सायकल घेण्याची. लांब शर्यतीत सपाटी आणि चढही येतात. १६० ते १७० ची एंड्युरो (चढ-उतार दोन्हींसाठीची) सायकल बरी, ड्रॉपर सीटपोस्टसकट, म्हणजे चालवताना बटण दाबून सीट खाली-वर करता येते.

बाभळीच्या काट्यांच्या धास्तीनं आपण टायर दगडासारखे फुगवतो. उतारावर असा टायर उसळतो, पकड सोडतो. ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये सीलंट हा पातळ द्रव घाला. काट्याचं भोक सीलंट बुजवतं, दगडानं फाटलेली कड नाही. त्यासाठी जाड, दुपदरी भिंतीचा टायरच हवा. सत्तर किलोच्या स्वारानं पुढे २३, मागे २६ पीएसआयपासून सुरुवात करावी. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, महिन्याला बघत जा.

सॅग, म्हणजे सायकलवर नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते, मोजताना हेल्मेट, पॅड, पाणी सगळं अंगावर हवं. मागचा शॉक जास्तीत जास्त ६० मिलिमीटर दबत असेल (हाच त्याचा स्ट्रोक), तर सॅग साधारण १८ मिलिमीटर हवा.

हे सगळं जमलं की घाटात एक पूर्ण उतार मारा. ब्रेक सतत धरून ठेवू नका; वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. खाली पोहोचल्यावर रोटरला हात लावू नका, नुसता रंग बघा. निळसर झाक आली असेल तर ब्रेक फार तापलेत; शर्यतीला जाण्याआधी मोठे रोटर बसवून घ्या.