मोठ्या दुकानसाखळीत माल द्यायचाय? आधी उधारीचं बोला

लोणची-मसाल्यांसारखा माल मोठ्या दुकानसाखळीत ठेवायचा तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, जीएस१ इंडिया या संस्थेचा ८९० ने सुरू होणारा बारकोड आणि पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, तारीख हवीच. ते जमतं. छोटा उद्योजक अडकतो तो उधारीत. म्हणून सरकारची छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी करा आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. न खपलेला माल परत कोण घेणार, वाहतूक कोणाच्या खर्चाने, हेही लेखी घ्या. सुरुवातीला दोन-तीनच शाखा मागा. सगळ्या शाखांची ऑर्डर एकदम आली, तर कच्च्या मालालाच भांडवल पुरत नाही.