दवाखान्यासाठी गाव कसं निवडावं

एमडी, एमएस झालं की 'कुठे टाकायचं?' हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपलं मूळ गाव आणि नातेवाइकांची रिकामी जागा या दोन गोष्टींवर ठरतं. दोन्हींचा उपयोग आहे, पण दवाखाना चालेल की नाही हे त्यावरून कळत नाही. आमच्या मते चांगल्या गावाची खूण अशी: तुमच्या शाखेचे रुग्ण आज तिथून एसटीत बसून बाहेरगावी जातात, आणि तरीही तुमच्या कामाला लागणारी माणसं, म्हणजे भूलतज्ज्ञ, लॅब, रक्त, शिकलेल्या सिस्टर, त्या गावात किंवा अर्ध्या तासाच्या आत मिळतात. पहिली गोष्ट असून दुसरी नसेल तर रुग्ण येतील, पण तुम्हाला काम करता येणार नाही. दुसरी असून पहिली नसेल तर गावात आधीच पुरेसे डॉक्टर आहेत. पुढे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि मध्यम शहरांत दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल काढू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आकडे कुठून काढायचे

नगरपालिकेची लोकसंख्या पाहून गाव लहान की मोठं हे ठरवू नका. चाळीस हजारांच्या गावामागे तीन लाखांचा तालुका उभा असू शकतो, आणि दीड लाखाचं शहर मोठ्या शहराला इतकं चिकटलेलं असू शकतं की त्याचे रुग्ण त्याचे राहत नाहीत. त्यातही शेवटची जनगणना 2011 ची आहे आणि नवीची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे हाताशी असलेले तालुक्याचे आकडे जुने आहेत. मतदारयाद्या आणि शाळांची पटसंख्या त्यापेक्षा ताजं चित्र देतात.

स्त्रीरोग आणि बालरोगवाल्यांसाठी हिशेब सगळ्यात सरळ आहे. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 होता. तीन लाखांच्या परिसरात वर्षाला साधारण 4,500 बाळंतपणं धरा. समजा त्यातली 1,500 सरकारी दवाखान्यांत होतात आणि 750 मोठ्या शहरात जातात. उरली 2,250. गावात नऊ प्रसूतिगृहं असतील तर एकाच्या वाट्याला वर्षाला 250, महिन्याला वीस-एकवीस. नव्या माणसाला पहिल्या वर्षी याचा चौथा हिस्सा मिळाला तरी समाधान मानावं. महिन्याला पाच-सहा बाळंतपणांवर हप्ता निघतो का, हे कागदावर मांडून बघा. शिवाय हा आकडा वाढणारा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण प्रजननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, 1.7 वर आला होता. आज काढलेलं प्रसूतिगृह पुढची तीस वर्षं चालवायचं असेल तर वंध्यत्व, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, चाळिशीनंतरच्या स्त्रियांचे आजार यांची सोय पहिल्या दिवसापासून डोक्यात असावी.

बाहेर जाणारे किती, हे शोधायचा एक चांगला मार्ग जन्म नोंदणीतून जातो. जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो, आईच्या गावी नाही. म्हणून नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतींच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या वर्षाच्या नोंदी एकत्र केल्या की तालुक्यात प्रत्यक्ष किती बाळंतपणं झाली ते कळतं. वर्षाचा एकूण आकडा माहिती अधिकाराच्या अर्जावरही मिळू शकतो. अपेक्षित 4,500 आणि नोंद 3,300 असेल तर 1,200 बाया बाहेर जात आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे काही जातात तशा काही बाहेरून येतातही. पण फरक एवढा मोठा असेल तर त्याचं कारण माहेर नव्हे, सोयींची उणीव आहे.

हाडांचे, डोळ्यांचे डॉक्टर आणि फिजिशियन यांनी मात्र जन्मदराकडे बघू नये, म्हाताऱ्या माणसांकडे बघावं. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. नुसत्या आकड्याने हे जिल्हे यादीतून बाद होतील. पण तरुण मुंबई-पुण्याला गेल्यामुळे मागे राहिलेल्यांत वयस्कर जास्त आहेत, आणि मोतीबिंदू, गुडघे, मधुमेह, रक्तदाब हे त्यांचेच आजार. अडचण वेगळी आहे. वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली, पावसाळ्यात प्रवास अवघड, आणि खर्चाचा निर्णय मुंबईतला मुलगा फोनवरून घेतो. तिथे रुग्णसंख्या कमी पण टिकाऊ असं गणित मांडावं लागतं.

रुग्ण कुठल्या रस्त्याने जातात

नकाशावर गोल काढू नका. एसटी आगारात जाऊन वेळापत्रक बघा: कुठल्या गावांच्या गाड्या इथे सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात, मुक्कामी गाड्या कुठल्या. आठवडी बाजाराला आणि बाजार समितीत कुठली गावं येतात ते विचारा. बाजाराला येणारं गाव सहसा दवाखान्यालाही तिथेच येतं. मधे घाट किंवा पावसात पाण्याखाली जाणारा पूल असेल तर पलीकडची गावं हिशेबातून काढून टाका.

मोठं शहर किती लांब आहे ते किलोमीटरमध्ये नाही, वेळेत मोजा. चारचाकीने पाऊण तासात पोहोचता येत असेल तर ठरवून करायच्या शस्त्रक्रिया तिकडे जातात, तुमच्याकडे तातडीचं आणि रात्रीचं काम राहतं. दीड तासाच्या वर अंतर असेल तर गोष्ट उलटते. रस्ते हे गणित फिरवतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर फक्त ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येतं, त्यामुळे इंटरचेंजजवळची गावं नागपूर, संभाजीनगर, नाशिकच्या जवळ आली आणि त्याच तालुक्यातली दुसरी गावं होती तिथेच राहिली. तुमच्या जिल्ह्यात कुठल्या रस्त्याचं काम चालू आहे ते आजच बघा. पाच वर्षांनी तोच रस्ता तुमचे रुग्ण आणेल किंवा नेईल.

मिरज, सांगली, कऱ्हाड, लोणी ही मोठ्या हॉस्पिटलांची गावं, वेगळी जात. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही तिथे कर्नाटकातून रुग्ण येतात. अशा ठिकाणी साधी ओपीडी टाकून गर्दीत उभं राहण्यात अर्थ नाही. तिथे अतिविशेष (सुपरस्पेशालिटी) शाखा चालते, कारण पाठवणारे डॉक्टर शंभर किलोमीटरपर्यंत पसरलेले असतात.

गावात गेल्यावर कोणाला काय विचारायचं

डॉक्टरांना शेवटी भेटा. आधी मेडिकल स्टोअरवाल्याला विचारा: बाहेरच्या शहरातल्या कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे येतात, कुठल्या शाखेच्या? हे त्याला तोंडपाठ असतं. लॅबवाल्याला विचारा, कुठल्या तपासण्या बाहेर पाठवता आणि रिपोर्ट किती दिवसांनी येतो. तालुक्यात फिरणाऱ्या एमआरना, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना, भेटा. कुठला डॉक्टर थकला, कोणाचा मुलगा परत येतोय, कोण गाव सोडतोय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. 108 च्या चालकाला विचारा, गेल्या महिन्यात कुठे आणि कशासाठी पेशंट हलवले.

मग तीन प्रश्न, ज्यांची उत्तरं नकारार्थी आली तर शस्त्रक्रिया करणाऱ्याने ते गाव सोडून द्यावं. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतो, आणि तो एकटाच आहे का? एकटा असेल तर तो लग्नाला गेला की गावातली सगळी ऑपरेशन थिएटर बंद. रक्तपेढी किंवा रक्त साठवण केंद्र आहे का, आणि पिशवी हातात यायला किती वेळ लागतो? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तासभर वाट बघत नाही. नवजात बाळाला व्हेंटिलेटर लागला तर सगळ्यात जवळचं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, कुठे? 'होतं सगळं, या तुम्ही' असं उत्तर मिळालं तर नाव आणि नंबर मागा आणि स्वतः फोन करा.

दोनदा तरी जा: एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा एप्रिल-मेमध्ये. पाणी उन्हाळ्यातच कळतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. डायलिसिसचा विचार असेल तर चार तासांच्या एका बैठकीला, मिनिटाला 500 मिली या दराने, 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओमध्ये वाया जाणारं धरून कच्चं पाणी त्याहून बरंच जास्त. पाच मशीन दोन पाळ्यांत चालवायची तर टँकरच्या भरवशावर बसू नका.

पैसा कधी आणि कोणाकडून येतो

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात माल विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे, हर्निया, गर्भाशय, मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात. जूनमध्ये पेरणीला पैसा गुंतला की लोक दुखणं अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी होतात आणि हंगाम संपल्यावर भरतात. तिथे पहिला दवाखाना नोव्हेंबरात उघडणारा दोन महिन्यांत खचून जातो. चाकण, रांजणगावसारख्या एमआयडीसीत पैसा बारमाही आहे, पण महिना 21,000 पर्यंत पगार असणारे कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) येतात आणि त्यांचा मोठा उपचार ईएसआयच्या दवाखान्यांत किंवा त्यांच्याशी करार असलेल्या हॉस्पिटलांत होतो. करार करायचा की नाही, हे जागा घेण्याआधी ठरवा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं तसंच. योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे. गावातल्या कुठल्या हॉस्पिटलला मान्यता आहे आणि तुमच्या शाखेतल्या कुठल्या शस्त्रक्रिया त्यात बसतात ते बघा. शेजारी मोफत होणारं काम तुमच्याकडे पैसे देऊन कोणी करणार नाही. नवीन सरकारी महाविद्यालयांचा परिणामही धरा. ऑक्टोबर 2024 मध्ये जालना, बुलढाणा, वाशीम, हिंगोली, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई इथे महाविद्यालयं सुरू झाली. ती पूर्ण क्षमतेने चालू लागली की साध्या शस्त्रक्रिया आणि बाळंतपणं तिकडे वळू शकतात.

खर्च असा मांडा. समजा भाडं 50 हजार, पगार 1 लाख 60 हजार, हप्ता 1 लाख 20 हजार, वीज-पाणी-ऑक्सिजन-कचरा 40 हजार. महिना 3 लाख 70 हजार. ओपीडी रोज 25, फी 300. पण लहान गावात आठ दिवसांतल्या फेरतपासणीचे पैसे घेत नाहीत, म्हणून 25 पैकी 15 धरा. 26 दिवसांचे 1 लाख 17 हजार. उरलेले अडीच लाख खाटांवरून यायला हवेत. पहिल्या वर्षी ते येणार नाहीत, तेव्हा आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच जागेचा करार करा.

जागेवरून अडणाऱ्या परवानग्या

खाटा असतील तर नर्सिंग होम नोंदणी लागते, ती तीन वर्षांसाठी असते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत ती अडकते. 2021 मधल्या भंडारा, विरार आणि अहमदनगरच्या आगींनंतर फायर ऑडिटकडे काटेकोर पाहिलं जातं, म्हणून दुसरा जिना आणि बंब येण्याएवढा रस्ता आधी बघा. जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कचऱ्याची गाडी तुमच्या गावात आठवड्यातून किती वेळा येते ते शेजारच्या हॉस्पिटलला विचारा. सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या, कायद्याखाली त्या जागेसाठी नोंदलेलं असतं, जागा बदलली की कागद पुन्हा. म्हणून भाडेकरार 11 महिन्यांचा नको. किमान पाच वर्षांचा, नोंदणीकृत.

कट आणि घर

गावातलं रुग्ण पाठवण्याचं काम कटवर, म्हणजे कमिशनवर, चालतं का, हे स्पष्ट विचारून घ्या. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं दोन्ही निषिद्ध आहे. ज्या गावात जनरल प्रॅक्टिशनर टक्क्यांशिवाय चिठ्ठी लिहीत नाहीत, तिथे न देणाऱ्याची ओपीडी भरायला दुप्पट वेळ लागतो. तरी ती भरते, कारण बरा झालेला रुग्ण भावकीला घेऊन येतो. तेवढा वेळ काढायची ताकद नसेल तर दुसरं गाव बघा, पण कट देऊन सुरुवात करू नका. तो नंतर बंद करता येत नाही आणि त्याचा भार शेवटी रुग्णाच्या बिलावर चढतो.

जोडीदाराचं काम आणि मुलांची शाळा हा प्रश्न शेवटी ठेवला जातो, आणि चांगली चाललेली प्रॅक्टिस तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यासाठीच मोडते. जोडीदाराला गाव दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

कर्जाआधीची चाचणी

दोन गावं उरली की दोन्हीकडे आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, कुणाच्या तरी दवाखान्यात व्हिजिटिंग ओपीडी सुरू करा. किमान चार महिने. रजिस्टरमध्ये प्रत्येकाचं गाव, तक्रार, आधी कुठे दाखवलं आणि कोणी पाठवलं हे लिहा. या काळात तिथे मोठी शस्त्रक्रिया करू नका, कारण रात्री टाका उसवला तर तुम्ही शंभर किलोमीटरवर असाल. चार महिन्यांनी तीन गोष्टी मोजा: किती वेगवेगळ्या गावांचे लोक आले, किती जण दुसऱ्यांदा आले, आणि चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या रुग्णाचं ऐकून किती आले. तिसरा आकडा दर महिन्याला वाढत असेल तर जागा बघायला लागा. सगळे रुग्ण एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीने येत असतील तर ती प्रॅक्टिस अजून त्याची आहे, आणखी चार महिने थांबा.