स्पितीत क्रेटेशियस थर मॅप करताय? या चुका टाळा

हिमाचलमधल्या स्पितीतला थरांचा क्रम पुस्तकात एकदम सरळ दिसतो, खाली काळी स्पिती शेल (चिखलाचा बनलेला बारीक दाण्यांचा दगड, बहुतांश ज्युरासिक काळातला), तिच्यावर ग्युमल सँडस्टोन (वाळूचा दगड) आणि सगळ्यात वर चिक्कीमची चुनखडी, हे वरचे दोन क्रेटेशियसचे, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळातले. पण साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि हे सगळे थर दुमडले, सरकले, काही ठिकाणी पार उलटे झाले. म्हणून वरचा थर तो नवीन असं डोळे झाकून धरून चालू नका, सगळ्यात जास्त नकाशे यातच चुकतात.

आधी थराची वरची बाजू कुठली ते शोधा. ग्युमलमध्ये क्रॉस बेडिंग, म्हणजे थराच्या आत तिरक्या रेषा, दिसलं तर त्या रेषा ज्या बाजूला कापल्यासारख्या अचानक संपतात ती वरची बाजू, आणि थरात दाणे जिकडे बारीक होत जातात तीही बहुतेक वरचीच. एका खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळल्या की मगच लिहा.

शेलमध्ये तर क्लीव्हेजलाच (दाबाने दगडात तयार झालेल्या फुटीच्या पातळ्या) बेडिंग (मूळ थर) समजून डिप (झुकाव किती अंश) घेतला जातो, कारण दगड क्लीव्हेजवरच फुटतो आणि तेच ठळक दिसतं. खरं बेडिंग रंग किंवा दाणा जिथे बदलतो तिथे असतं, वाळूची बारीक पट्टी सापडली तर काम झालं. आणि दोन्ही नीट ओळखता आले की एक फार कामाची गोष्ट कळते: दोन्ही एकाच दिशेला झुकलेत आणि बेडिंगचा डिप क्लीव्हेजपेक्षा जास्त आहे, तर थर बहुधा उलटा आहे. अर्थात ज्या फोल्डिंगने थर दुमडले, क्लीव्हेज त्याचंच असायला हवं.

जाडी भलतीच जास्त येतेय? मग थर परत येतायत का बघा. शेल, सँडस्टोन, चुनखडी आणि पुन्हा शेल, सँडस्टोन, चुनखडी असा तोच क्रम आला तर थ्रस्टचा (खडकाचा एक भाग दुसऱ्यावर सरकवणारी भेग) संशय घ्या, क्रम आरशासारखा उलटून आला तर फोल्ड. शिवाय जमिनीवर मोजलेली रुंदी म्हणजे जाडी नव्हे, सपाट जागेवर स्ट्राईकला (थराची आडवी दिशा) काटकोनात १०० मीटर रुंदी आणि डिप ३० अंश असेल तर खरी जाडी ५०च मीटर.

नाल्यात सुटा पडलेला अमोनाईट (शंखासारखा जीवाश्म) बघून समोरच्या कड्याचं वय ठरवू नका. स्पिती शेलमधले अमोनाईटचे गोटे घरंगळत कुठेही जातात. चिक्कीमच्या चुनखडीचं वय सांगणारे ग्लोबोट्रंकानासारखे फोरॅम (सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं) तर इतके बारीक की थिन सेक्शन (दगडाचा अगदी पातळ काप) काढून मायक्रोस्कोपखालीच बघावे लागतात, त्यामुळे सॅम्पल घेताना त्यावर वरच्या बाजूचा बाण आणि डिप-स्ट्राईक जागेवरच लिहा, दगड सुटला की ते परत मिळत नाही.

उतारावरचे थर वजनाने खाली वाकतात, तिथला डिप मोजूच नका, जरा खोल कापलेला नाला किंवा रस्त्याची कटिंग शोधा.